सपरीत सांगायचं राहिलेलं

टेकचंदभाऊ,

तुम्ही गेल्याची बातमी आपल्या ईमेलच्या लिस्टवर अजून गेलेली नाही. मी त्याच दिवशी दुपारी लिहून पाठवली. लगेच ते ठरलेलं उत्तर आलं: तुमचा मेल मिळाला, मॉडरेटरने वाचून सोडल्यावर तो सर्व सभासदांना जाईल. मॉडरेटर तुम्ही. पासवर्ड ना वहिनींना ठाऊक, ना तुमच्या रेखाला. तेव्हा तुमच्या मरणाची बातमी तुमच्याच मंजुरीसाठी थांबली आहे. तुम्ही असतात तर गमछा तोंडाला लावून हसला असतात. मला काही हसू आलं नाही.

तेरवी होऊन आठ दिवस झाले. त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर रेखाने तुमची एक प्लास्टिकची फाईल माझ्या हातात ठेवली. "बाबानं तुमचे मेल वेगळे ठेवले होते, बाई," एवढंच म्हणाली. ती मी घरी येऊन उघडली, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. सहा वर्षांपूर्वी मी तुमच्यावर सगळ्यांसमोर एक आरोप केला होता. तो खोटा होता. त्या आरोपापायी वहिनींचा सख्खा भाऊ तुमच्या मातीला आला नाही. हे माझं काम आहे, आणि ते मला तुम्ही गेल्यावर कळलं.

हे छापायला देणार आहे आणि वाचणाऱ्यांना आपण दोघं कोण ते माहीत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. तुम्हाला सगळं पाठ आहे, तरी ऐका. एरवीही मीच बोलायची आणि तुम्ही ऐकायचात.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. गोंदियातल्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले आणि विज्ञानाची बाई म्हणून ती खोली माझ्या गळ्यात पडली. एका रविवारी तुम्ही सायकल घेऊन फाटकाशी उभे. बिरसीच्या पलीकडच्या गावचे धानाचे शेतकरी, पन्नाशीला टेकलेले, हँडलला कापडी पिशवी. "बाई, या मशीनमधून चिठ्ठी जाते म्हनते. खरं काय?" पिशवीत सात वह्या होत्या. त्यात तुम्ही कितीतरी वर्षांचे सारस मांडून ठेवले होते. कोणत्या तलावावर कोणती जोडी, कधी आली, किती अंडी, किती पिल्लं जगली. माणसाएवढा उंच तो पक्षी, धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या खाचरातच काड्या रचून घरटं करतो, आणि आपल्या जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. मी इथलीच, विज्ञान शिकवणारी, आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला फक्त कोणाला तरी विचारायचं होतं, की दुसरीकडेही असंच कमी होऊन राहिलं काय.

त्यातून आपली लिस्ट निघाली. एका पत्त्यावर मेल टाकायचा, तो सगळ्या सभासदांच्या घरी जातो. कॉम्प्युटरचं काम माझं, पक्ष्यांचं तुमचं. तुम्ही दर बाजाराच्या दिवशी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जायचात. तिथला मालक तुम्हाला पाहिलं की प्रिंटर चालू करायचा आणि म्हणायचा, "आओ काकाजी, आपका डाक आया है." तुम्ही प्रत्येक मेल छापून घ्यायचात, घरी नेऊन वाचायचात, पुढच्या बाजाराला उत्तर द्यायचात. मी चिडायची. मेलला आठवड्याने उत्तर देतं का कोणी? तुम्ही म्हणायचात, "घाई कायले? सारस कोठं पळून जाऊन राहिला?"

आणि तुमचा तो नियम. घरात शिरण्याआधीची पुढची ओसरी म्हणजे आपल्याकडची सपरी. तिथे कोणीही येऊन बसतो, ऐकतो, बोलतो. चुलीजवळ मात्र घरचाच माणूस जातो. तुम्ही प्रत्येक मेल या दोन खणांत टाकायचात. कोणाचं कौतुक असेल तर ते सपरीतलं, सगळ्यांना जाऊ द्या. कोणाची चूक दाखवायची असेल तर ते चुलीजवळचं, त्याला एकट्याला लिहा. आभार एकट्याला. शंका सगळ्यांना. घरट्याची जागा तर कधीच सपरीत नाही, कारण आपल्या लिस्टचे जुने मेल इंटरनेटवर कोणालाही वाचता येत. जागा फक्त तुम्हाला कळवायची आणि तुम्ही वहीत लिहायची. पुढे मोठमोठ्या लिस्टांचे लांबलचक नियम मी वाचले. सगळ्यांत तेच होतं, फक्त तुमच्या दोन खोल्यांपेक्षा लांब लिहिलेलं.

मला तेव्हा ते भोळेपणाचं वाटायचं. एकदा एका नव्या इंजिनिअरने लांबून काढलेला फोटो टाकून त्याला सारस म्हटलं. तो साधा करकोचा होता. दिवसभरात अकरा जणांनी लिस्टवर त्याची चूक काढली. सगळ्यात मोठं उत्तर माझं होतं, मुद्दे पाडून. तो माणूस लिस्ट सोडून गेला. तुम्ही पुढच्या बाजारानंतर शाळेत आलात आणि खुर्चीवर न बसता बोललात, "अकरा जनाईनं एका मानसाले सपरीत उभं केलं, बाई. चूक एकच होती न? एकानं सांगतली असती चुलीजवळ, तर भागलं असतं." मी म्हटलं, विज्ञानात चूक उघड्यावरच दुरुस्त होते. तुम्ही म्हणालात, "चूक होत असंन. मानूस नाही होत." त्या इंजिनिअरला तुम्ही एकट्याने लिहिलंत, महिनाभराने तो परत आला, आणि पुढे त्याच्याइतकी चांगली नोंद कोणी ठेवली नाही. तरीही मी तुमचं म्हणणं खरं, असं कधी बोलले नाही.

आपलं मोठं भांडण झालं ते एका बटणावरून. लिस्टवर आलेल्या मेलखाली उत्तर द्यायचं बटण दाबलं, तर ते उत्तर कुठे जावं? सगळ्यांना, की ज्याने लिहिलं त्या एकट्याला? दोन्ही करता येतं, चालवणाऱ्याने ठरवायचं असतं. मी म्हणत होते सगळ्यांना. माहिती एकमेकांच्या खिशात राहिली तर लिस्ट कशाला? तुम्ही एकट्याला म्हणत होतात. "रागातला मानूस पयलंच बटन दाबते. घाईतलाही तेच दाबते. मंग पयलं बटन एकाच घरी जाऊ द्या न, बाई. ज्याले सपरीत बोलायचं हाय, तो दोन बटनं दाबंन." मी सभासदांचं मत घेतलं. माझं लिहिणं ठसकेबाज, तुमचं दोन ओळींचं. मी जिंकले. सेटिंग मीच बदललं. तुम्ही फक्त म्हणालात, "ठीक हाय. पन ध्यान ठेवजा."

मी ठेवलं नाही.

त्या पावसाळ्यात दुलीचंदभाऊंच्या बांधीत जोडीने घरटं केलं. दुलीचंदभाऊ म्हणजे वहिनींचे धाकटे भाऊ, शेजारच्या गावचे. त्यांनी त्या बांधीत फवारणी केली नाही, पाणी उतरू दिलं नाही, निंदणीच्या बायकांना त्या कोपऱ्यात जाऊ दिलं नाही. रोज सकाळी वहिनींना फोन करून सांगायचे, दोघंही आहेत. तुम्ही मला एकदा तिथे नेलंत. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेला, लांब बसवलंत. वरून बिरसीच्या विमान शिकणाऱ्या पोरांचं छोटं विमान घरघरत गेलं. सारसाने मान तिरकी करून ते पाहिलं आणि पुन्हा अंड्यांवर बसला. तुम्ही हळूच म्हणालात, "त्यालेही सवय झाली." जागा आता तीन जणांना माहीत होती, दुलीचंदभाऊ, तुम्ही आणि मी. मी लिस्टवर एवढंच लिहिलं, यंदा एक जोडी आहे, सुखरूप आहे.

मग बाहेरगावच्या एका सभ्य गृहस्थांचा मेल आला. त्यांनी लिस्टवर विचारलं होतं आणि मलाही वेगळी प्रत पाठवली होती. अभ्यासासाठी जागा कळेल का, कोणाला सांगणार नाही. लिहिणं इतकं नम्र आणि शुद्ध, की मला विश्वास वाटला. मला शुद्ध लिहिणाऱ्यांचा विश्वास फार लवकर वाटतो. जागा तुम्हाला सोडून कोणालाच सांगायची नाही हा नियम माझ्यासाठी नसावा, असंही तेव्हा वाटलं असेल. लोडशेडिंगची वेळ जवळ आली होती, वीज जायला दहा मिनिटं. मी घाईने त्यांना एकट्याला म्हणून सगळं लिहिलं, बिरसीच्या फाट्यापासून कसं यायचं, कोणत्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या बाजूने, कोणतं झाड, कितवी बांधी. पाठवलं आणि वीज गेली.

पंधरवड्याने तिथे गाड्या आल्या. मोठ्या नळीचे कॅमेरे घेऊन माणसं बांधीत उतरली, धान तुडवत घरट्यापर्यंत गेली. दुलीचंदभाऊ तालुक्याला गेले होते. जोडी दिवसभर लांब उभी राहून ओरडत होती. संध्याकाळी ते आले तेव्हा एक अंडं फुटलेलं होतं आणि दुसरं नव्हतं. तीन दिवसांनी जोडीही गेली. पुढे त्या बांधीत ती कधीच उतरली नाही.

मला राग आला की मी वाट पाहत नाही. त्या गृहस्थांना विचारलं, त्यांनी शपथ घेतली की कोणालाही सांगितलं नाही. ते खरंच बोलत होते. मग उरले तुम्ही. मी लिस्टवर लिहिलं, सगळ्यांना. ते वाक्य मला आज बघवत नाही, तरी लिहिते. "शेतमालक सोडले तर जागा आम्हा दोघांनाच माहीत होती. मी कोणालाही सांगितलं नाही. टेकचंदभाऊंनी उत्तर द्यावं." त्या गृहस्थांना सांगितलं होतं, ते मी मनातल्या मनात धरलंच नाही. सभ्य माणसाला एकट्याला सांगणं म्हणजे सांगणं नव्हेच, असा माझा हिशोब.

तुम्ही आठवड्याने उत्तर दिलंत, बाजाराच्या दिवशी. "बाईचं वाचलं. पुढच्या वर्षी घरटं होईल." बाकी कोणी एक ओळ लिहिली नाही. त्या गप्पपणाला मी सगळ्यांची संमती समजले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी तो मेल छापला आणि दुलीचंदभाऊंच्या गावी गेले. त्यांच्या सपरीत, चार माणसं बसलेली असताना, तो मोठ्याने वाचला. मला वाटलं, ज्याचं शेत तुडवलं गेलं त्याला खरं कळायला हवं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हे तुमी लिहिलं न, बाई? तुमी शिकलेल्या हा, तुमी खोटं कायले लिहान?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला निरोप पाठवला की माझ्या धुऱ्यावर पाय ठेवू नका. ते राखीला आले नाहीत. भाऊबीजेला वहिनी ताट घेऊन त्यांच्या गावी गेल्या आणि दारातून परत आल्या. मला हे नंतर कानावर आलं तेव्हा वाईट वाटलं, पण तुमचा राग आला. वाटलं, काय केलंत हे भाऊ, बायकोचं माहेर घालवलंत.

त्याच सुमारास मी लिस्टचं कॉम्प्युटरचं काम रागाने सोडलं, आणि तुम्ही पासवर्ड बदलून नवी व्यवस्था केलीत. प्रत्येक मेल आधी तुम्ही वाचणार, मग सोडणार. मी त्यालाही दडपशाही म्हटलं, तेही सगळ्यांना. तुम्ही माझा तोही मेल वाचलात आणि सोडलात.

वर्षभर आपण बोललो नाही. मग एका रविवारी तुम्ही पुन्हा फाटकाशी उभे, तीच पिशवी, जुन्या वह्या स्कॅन करता येतील काय विचारायला. मी चहा मागवला. आपण वह्यांचं बोललो, घरट्याचं नाही. पुढे व्हॉट्सॲप आलं, सगळे तिकडे गेले, लिस्ट ओस पडत गेली. तुम्ही ते घेतलं नाही. "तेथं चूलच नाही, बाई. सारी सपरीच सपरी," म्हणालात. मी हसले. तेव्हा वाटलं होतं आपलं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

आणि दवाखान्यातली ती शेवटची भेट. तुम्ही वाळून काडी झाला होतात, नाकात नळी. मला भरून आलं. मी तुमचा हात धरला आणि फार मोठ्या मनाने म्हटलं, "भाऊ, त्या घरट्याचं मी विसरले. तुम्हीही मनात ठेवू नका. मी माफ केलं." वहिनी पायाशी बसल्या होत्या. त्या उठून खिडकीशी गेल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरं झालं, बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

आता ती फाईल. वरचाच कागद माझ्या त्या मेलचा. जागेचा, बिरसीचा फाटा, बोडी, झाड, कितवी बांधी. माझ्याच नावाने, आणि पाठवलेला कोणाला, तर लिस्टला. त्या गृहस्थांच्या मेलच्या दोन प्रती माझ्याकडे होत्या. मी उत्तर दिलं ते लिस्टवरून आलेल्या प्रतीला. माझंच जिंकलेलं बटण. माझा मेल लिस्टवरून मला परत दिसत नसे, त्यामुळे मला कळलंही नाही. बाकी सगळ्यांच्या घरी तो पोचला होता. कागदाच्या कडेला पेन्सिलने तुमचं अक्षर: "बाईचं चुकून सपरीत आलं. जुन्या मेलमधून काढून टाकलं. बाईले सांगू नये."

खालच्या कागदावर सगळ्या सभासदांची नावं होती. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मी त्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, भाऊंनी आम्हाला प्रत्येकाला वेगळं लिहिलं होतं. तो मेल पुसून टाका, आणि बाईंना कळू देऊ नका. शब्द घेतला होता. कोणी एकाने तरी तो पुढे पाठवला, म्हणून त्या गाड्या आल्या." मी विचारलं, मग मी भाऊंवर आरोप केला तेव्हा? तो म्हणाला, "तेव्हा मी लिहायला बसलो होतो. भाऊंचा फोन आला. म्हणाले, आता तर अजिबातच नाही. आता कळलं तर बाई शाळेत तोंड दाखवणार नाहीत."

म्हणजे मी कोणालाही सांगितलं नाही, असं मी लिहिलं तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की मी सगळ्यांना सांगितलं आहे. सगळे गप्प बसले ते माझ्या लाजेसाठी. आणि मी ती संमती समजून दुलीचंदभाऊंच्या सपरीत जाऊन वाचून आले.

भाऊ, मी तुमच्यावर रागावले आहे. रडून झालं आहे, आता रागच उरला आहे. तुम्ही सगळ्या जगाला एकेकट्याला लिहिलंत, एक मला सोडून. चूक एकट्याला सांगावी, हा तुमचाच नियम होता ना? मग मी काय गुन्हा केला होता, की माझी चूक मला एकटीलाही सांगितली नाहीत? दोन ओळी पुरल्या असत्या. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी दुलीचंदभाऊंकडे धावत गेले असते, त्या कोपऱ्याला माणूस बसवला असता, कदाचित ती अंडी वाचली असती. मला वाचवायला तुम्ही वहिनींचं माहेर दिलंत. ते तुमचं एकट्याचं नव्हतं द्यायला. तेरवीला वहिनींना मी विचारलं होतं, दुलीचंदभाऊ आज तरी येतील ना? त्या म्हणाल्या, "मी त्याईले म्हनलं होतं, सांगून टाका बाईले. सहा वर्षं म्हनलं. नाही म्हने." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता, आणि त्यांनीही समजावून सांगितला नाही.

आणि तरी हेही खरं, की माझ्यासाठी एवढं कोणी केलं नाही. हे दोन्ही एकदम मनात असतं आणि कुठे ठेवावं कळत नाही. तुमची चूक झाली असं म्हणते आणि लगेच लाज वाटते, की अजूनही मी तुमचीच चूक काढते आहे, तीही सगळ्यांसमोर.

फाईल वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुलीचंदभाऊंच्या गावी गेले. धान निघालं होतं, अंगणात पोती लावणं चालू होतं. सपरीत माणसं होती. मी थांबले नाही. सहा वर्षांपूर्वी जिथे उभी होते तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, तेव्हा वाचला तो कागद खोटा होता, आज खरा आणला आहे.

"वाचा," दुलीचंदभाऊ म्हणाले.

मी माझा मेल वाचला, फाट्यापासून कितव्या बांधीपर्यंत. मग कडेचं पेन्सिलचं. दोन माणसं उठून गेली. दुलीचंदभाऊ बसूनच राहिले.

"मालूम होतं त्याले?"

"होतं. पहिल्या दिवसापासून."

"मंग काऊन नाही बोलला?"

"माझी लाज राखायला."

त्यांनी पोत्यांकडे पाहिलं. "तीन डाव चप्पल घालून निंगलो होतो मी, बाई. त्याच्या मातीच्या दिवशी. फाटकापासून वापस आलो." मग घराकडे तोंड करून म्हणाले, "बाईले पानी आना." पाणी आलं. माझ्याकडून प्यायलं गेलं नाही.

परवा ते वहिनींकडे आले. मीही होते. वहिनींनी त्यांना सपरीत खुर्ची दिली, पाणी दिलं, पिकाचं विचारलं, पोरांचं विचारलं. जो भाऊ पूर्वी चप्पल काढून सरळ चुलीशी जाऊन बसायचा, तो खुर्चीच्या काठावर बसून डोळे पुसत होता. त्या त्याला आत ये म्हणाल्या नाहीत. तासाभराने तो गेला. तुम्ही गेल्यावर भाऊ येईल आणि सगळं पुन्हा जुळेल, असं मी वेड्यासारखं धरून चालले होते. तसं झालं नाही. कदाचित पुढे होईल. सहा वर्षं तुटलेलं होतं, आणि तो तर एकदाच आला आहे.

तो गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "तुमी आत या." मी त्यांच्यामागे चुलीजवळ गेले. त्यांनी मला पाट दिला, स्वतः खाली बसल्या, आणि बोलल्या. बराच वेळ बोलल्या. गोड नव्हतं, आणि मला ते मिळायलाच हवं होतं. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. ते चुलीजवळचं आहे. एवढं तरी तुमच्याकडून शिकले, भाऊ, उशिरा.

माझं जे आहे ते मात्र सपरीतलं. घरी येऊन मी ते लिस्टवर लिहिलं आणि पाठवलं. तेच उत्तर आलं: मॉडरेटरने वाचून सोडल्यावर सर्वांना जाईल. म्हणजे सगळ्यांना सांगायचं होतं ते पुन्हा तुमच्या एकट्याकडेच येऊन थांबलं. म्हणून हे इथे छापायला दिलं आहे. तुमच्या गावी आणि दुलीचंदभाऊंच्या गावी याच्या प्रती मी स्वतः नेऊन वाटणार आहे. लिस्टवर अडकलेला मजकूर असा आहे:

दुलीचंदभाऊंच्या बांधीतल्या घरट्याची जागा मी सांगितली. मी कोणालाही सांगितलं नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. टेकचंदभाऊंनी सांगितली नव्हती.